पोरीला सिनेमाच्या शाळेत नंबर लागेल का?

या पानावर मी एरवी बियाणे, खते, कीड आणि पाणी यांविषयी लिहितो. आजचा विषय वेगळा आहे. पण तो शेतकऱ्याच्या ओसरीवरच निघाला आणि त्यात एक एकर बागायत रान पणाला लागले होते. म्हणून तो इथे मांडायला हरकत नसावी.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवणशक्ती तपासण्याची मोहीम चालू होती. फिरत फिरत मी एका वाडीवर गेलो. घरधनी साठीच्या पुढचे. सारी वाडी त्यांना आबा म्हणते, मीही आबाच म्हणतो. ओसरीवर ओल्या गोणपाटाची गुंडाळी सोडून त्यांची धाकटी लेक मोड मोजत बसली होती. शंभर दाण्यांपैकी पासष्ट उगवले होते.

"पासष्ट म्हणजे नापास का हो काका?" तिने विचारले.

"नापास नाही. सत्तर उगवले असते तर एकरी तीस किलो बी पुरले असते. पासष्ट आहेत, तर साडेबत्तीस किलो पेरा. साठाच्या खाली गेले असते, तर मात्र हे बी म्हणून वापरू नका, असे सांगितले असते."

चहा झाला. आबांनी पोरीला आत पाठवले आणि आवाज खाली करून म्हणाले, "सायेब, एक इचारायचं व्हतं. हिरीकडचा एकर काढावा म्हणतोय."

मी चमकलो. २०१२-१३ च्या दुष्काळात आबांनी जनावरे छावणीला नेली, पण रानाला हात लावला नव्हता. कारण विचारले तेव्हा हळूहळू उलगडा झाला. पोरीने बी. ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा नुकतीच दिली होती. तिला सिनेमा करायचा होता. सिनेमात नाचायचे नव्हते, सिनेमा काढायला शिकायचे होते. पुण्याला त्याची सरकारी शाळा आहे, असे तिने वाचले होते. इथवर ठीक होते. पण तालुक्याच्या गावातल्या कोणा गृहस्थाने आबांना सांगितले, की तिथे सरळ नंबर लागत नाही. आठ लाख मोजले तर 'कोट्यातून' जागा मिळवून देतो.

"तुमी शिकलेले," आबा म्हणाले, "पोरीचा नंबर लागंल का, तेवढं सांगा. लागणार नसंल तर तिचं लगीन बघतो. लागणार असंल तर रान काढतो."

मला उत्तर येत नव्हते

खरे सांगतो, त्या दिवशी मला उत्तर येत नव्हते. मी बी. एस्सी. अॅग्री झालेला माणूस. कपाशीला बोंडअळी लागेल का, हे विचारा. सिनेमाच्या शाळेतले मला काय कळणार?

पण मला माझा पुतण्या आठवला. बारा-तेरा वर्षांपूर्वी त्यानेही मला हाच प्रश्न विचारला होता. तोही कृषी पदवीधर. मी काहीएक चौकशी न करता म्हणालो होतो, "हे आपल्या लोकांचे काम नव्हे. तिथे शहरातली, ओळखीपाळखीची मुले जातात." पोराने मुकाट्याने ऐकले आणि खताच्या दुकानात नोकरी धरली. पुढे मला कळले, की तिथे कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. कृषी पदवीही चालते. म्हणजे मी माती न तपासताच रान नापीक ठरवले होते. पुतण्या मला आजवर एका शब्दाने बोलला नाही, पण मला ते बोचते. म्हणून आबांना म्हणालो, "आठ दिवस थांबा. रानही काढू नका आणि स्थळही पाहू नका. मी चौकशी करतो."

त्या चौकशीत जे हाती लागले, ते सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून क्रमाने सांगतो.

शाळा कोणती आणि कोणाची

पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया ही संस्था आहे. ती केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाची. १९६० साली ती सुरू झाली, ती जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत. 'प्रभात' म्हणजे १९२९ साली कोल्हापुरात निघालेली आणि १९३३ साली पुण्याला आलेली आपली मराठी माणसांची कंपनी. 'संत तुकाराम' हा तिचा १९३६ चा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. तेव्हा ही जागा आपल्याला परकी मानण्याचे कारण नाही.

चित्रपट विभागात दिग्दर्शन व पटकथा, छायाचित्रण, संकलन, ध्वनी आणि कला दिग्दर्शन असे तीन-तीन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. अभिनयाचा दोन वर्षांचा आहे. दूरचित्रवाणी विभागातले एक-एक वर्षाचे आहेत. पदवी बहुतेक ठिकाणी कोणतीही चालते, पण काही अटी आधीच पाहून ठेवाव्यात. ध्वनीच्या शाखेला बारावीपर्यंत भौतिकशास्त्र असावे लागते. कला दिग्दर्शनाला चित्रकला, शिल्पकला, वास्तुशास्त्र यांसारख्या विषयांतली पदवी किंवा पदविका लागते. छायाचित्रण, संकलन आणि कला दिग्दर्शन या शाखांना २०२२ पर्यंत रंगांधळेपणा चालत नसे. आबांच्या पोरीला बारावीला कला शाखा होती, म्हणून ध्वनीचे दार तिला बंद. दिग्दर्शनाचे मात्र उघडे होते.

कोलकात्याला सत्यजित राय यांच्या नावाने १९९५ पासून अशीच दुसरी केंद्रीय संस्था चालते. तिचीही माहिती काढून ठेवावी.

नंबर लागण्याचे गणित

आता आबांचा मुख्य प्रश्न. या संस्थेत बहुतेक शाखांना जागा डझनभराच्या आसपास असतात. त्या डझनात आरक्षणाच्या जागाही आल्या. आणि अर्ज येतात काश्मीरपासून केरळपर्यंतचे. समजा, बारा जागांना बाराशे अर्ज आले. हे आकडे फक्त हिशेबासाठी घेतले आहेत. तर शंभरात एकाचा नंबर लागेल. शंभर दाणे गोणपाटात ठेवले आणि एकालाच मोड आला, असे हे बी. हे कोणी लपवू नये आणि पोरांनीही डोळ्यांआड करू नये.

पण एवढ्यावर थांबले तर हिशेब अर्धाच राहतो. तालुक्याचे सरासरी उत्पादन एकरी चार क्विंटल असले, म्हणून तुमच्या रानात चारच पिकतील असे नाही. मशागत केली, वाफशावर पेरले, वेळेवर खुरपले, तर आठही पिकतात. आणि काहीच न करता बी फेकले तर एकही पदरात पडत नाही. शंभरात एक ही सगळ्यांची सरासरी झाली. त्या शंभरात गंमत म्हणून अर्ज भरणारे असतात, अभ्यासक्रम न पाहता परीक्षेला बसणारे असतात. मन लावून तयारी करणाऱ्याची शक्यता सरासरीपेक्षा जास्त असते. तरी खात्री मात्र कोणालाच नाही. म्हणून 'लागेल' असेही सांगता येत नाही आणि 'लागणार नाही' असेही नाही.

निवड कशी होते? आधी लेखी परीक्षा. तिच्यातून निवडलेल्यांना मुलाखतीला बोलावतात. अभिनयासाठी पुढे उभे राहून करून दाखवावे लागते. मुलाखतीत पाठांतर चालत नाही. तू कोण, कुठली, काय पाहिलेस, त्यातून तुला काय सांगायचे आहे, याचा शोध तिथे घेतात. इथे आपली पोरे उणी पडत नाहीत, उलट त्यांच्याजवळ भांडवल असते. चिदानंद नाईक नावाचे म्हैसूरकडचे एक डॉक्टर या संस्थेत दूरचित्रवाणीच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला आले. त्यांनी कानडीतला एक छोटा चित्रपट केला. एक म्हातारी गावातला कोंबडा चोरते आणि मग गावात सूर्यच उगवत नाही, अशी त्याची गोष्ट. फ्रान्सच्या कान महोत्सवात चित्रपट शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या विभागात २०२४ साली तिला पहिला क्रमांक मिळाला. आता सांगा, कोंबड्याची गोष्ट शहरातल्या मुलाला जास्त ठाऊक असेल की आपल्या?

आणखी एक नाव सांगतो. केरळातल्या एका खेड्यातले रसूल पूकुट्टी. वडील बस कंडक्टर, घरात वीज नाही. ते याच संस्थेत ध्वनी शिकले आणि २००९ साली त्यांना ऑस्कर मिळाले. 'वळू' आणि 'देऊळ' हे खेड्यातले चित्रपट करणारे उमेश कुलकर्णी हेही इथलेच. शिकत असताना त्यांनी केलेला 'गिरणी' हा लघुपट घरात आलेल्या पिठाच्या गिरणीवर आहे, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पैशाने जागा मिळत नाही

हे ठळक अक्षरांत लिहून भिंतीला लावा. अशा सरकारी संस्थेत देणगीची जागा नसते. परीक्षा, मुलाखत आणि गुणवत्ता यादी यांखेरीज आत जायला वाट नाही. जो कोणी 'कोट्यातून करून देतो' म्हणतो, त्याला रुपयाही देऊ नये. बोगस बियाण्याच्या पिशवीवर लेबल नेहमीच सुंदर असते. आबांनी त्या गृहस्थाला 'पावती देता का?' एवढेच विचारले. तो पुन्हा फिरकला नाही.

खाजगी संस्थाही पुष्कळ निघाल्या आहेत. काही चांगल्या असतील. पण फी भरण्याआधी तिथे शिकून बाहेर पडलेल्या दोघा-चौघांना गाठावे, त्यांचे आज काय चालले आहे ते पाहावे. शेजाऱ्याचे पीक पाहिल्याशिवाय आपण नवे वाण लावतो का?

दाखल्यांची घात चुकवू नका

आपली पुष्कळ पोरे परीक्षेत नव्हे, कागदात अडकतात. संस्था केंद्राची, म्हणून दाखले केंद्राच्या नमुन्यातले लागतात. इतर मागासवर्गीयांनी आपली जात केंद्राच्या यादीत आहे ना, हे पाहावे आणि नॉन-क्रिमीलेअरसह केंद्राच्या नमुन्यातला दाखला काढावा.

आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्यात शेतकऱ्याला एक खाच आहे. केंद्राच्या नियमाप्रमाणे कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवे आणि शेतजमीन ५ एकरांच्या आत हवी. पाच एकर किंवा अधिक असेल, तर उत्पन्न कितीही कमी असो, हा लाभ मिळत नाही. जिरायत आणि बागायत असा भेद त्यात नाही. आबांच्या नावावर सहा एकर आहे, त्यातले पाच कोरडवाहू. "म्हंजे आमी श्रीमंत झालो की," आबा हसून म्हणाले. हसण्यासारखे त्यात काही नव्हते, पण नियम नियम आहे. तो आधी कळला म्हणून पोरीने खुल्या गटातून अर्ज भरला. ऐनवेळी कळता तर अर्जच बाद होण्याची भीती होती.

खर्च आणि कर्ज

फी खाजगी संस्थांच्या मानाने कमी असली, तरी कोरडवाहू घराला ती जडच जाते. शिवाय पुण्यातला राहण्या-जेवण्याचा खर्च. नक्की आकडे दर वर्षीच्या माहितीपत्रकातून घ्यावेत, ऐकीव आकड्यांवर जाऊ नये. पण त्यासाठी रान विकण्याआधी बँकेत जावे. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे तेवढ्यासाठी सात-बारा गहाण ठेवण्याचे कारण नाही. मात्र कर्ज ते कर्जच. या धंद्यात शिक्षण संपल्यावर महिन्याच्या एक तारखेला पगार सुरू होईलच असे नाही. सुरुवातीची वर्षे ओढीची जातात. फेड कशातून करायची, हे घरातल्या सर्वांनी बसून आधी ठरवावे.

एकाच पिकावर विसंबू नये

कोरडवाहू शेतकरी तुरीच्या शेजारी बाजरी घेतो, ती उगाच नाही. एक गेले तर दुसरे हाताला लागते. इथेही तसेच करावे.

आपल्या राज्याच्या विद्यापीठांशी जोडलेल्या महाविद्यालयांतही संज्ञापनाचे, म्हणजे पत्रकारिता, चित्रफीत, लघुपट यांचे अभ्यासक्रम चालतात. नागराज मंजुळे यांचेच घ्या. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. पुणे विद्यापीठातून मराठी घेऊन एम. ए. झाले आणि मग अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकले. तिथे अभ्यासाचा भाग म्हणून केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे २०१३ चा 'फँड्री' आणि २०१६ चा 'सैराट' सगळ्यांनी पाहिलाच आहे. मोठ्या नावाच्या शाळेत नंबर लागला नाही, तर सिनेमाचे दार बंद झाले असे समजू नये. जब्बार पटेल तर लहान मुलांचे डॉक्टर. 'सामना' आणि 'सिंहासन' त्यांनी केले.

पुण्याच्या संस्थेने २०१७ पासून थोड्या दिवसांचे छोटे अभ्यासक्रमही सुरू केले आहेत. तीन वर्षांचा निर्णय घेण्याआधी असा एखादा करून पाहावा. माती परीक्षणाला थोडा खर्च येतो, पण पुढचा मोठा खर्च वाचतो.

घरच्या घरी उगवण चाचणी

आठ दिवसांनी मी वाडीवर गेलो. पोरीला समोर बसवले आणि म्हणालो, "बाळ, सोयाबीनचे शंभर दाणे मोजलेस ना? आता तुझे शंभर दिवस मोजू. रोज एक पान लिहायचे. त्या दिवशी पाहिलेले, ऐकलेले, खरे. आठवड्याला एक चांगला चित्रपट लक्ष देऊन पाहायचा आणि तो कसा बांधला आहे त्याची टिपणे काढायची. रोज वर्तमानपत्र वाचायचे. मुलाखतीपुरते तरी इंग्रजी वाचता-बोलता यायला हवे, त्याचा सराव करायचा. आणि शंभर दिवसांत मोबाईलवर पाच मिनिटांची एक गोष्ट चित्रित करून पुरी करायची. अर्धी नाही, पुरी. शंभरांतले किती दिवस भरतात ते बघू."

"आणि साठाच्या खाली आले तर?" तिने विचारले.

"तर ती हौस समजायची. हौस वाईट नाही, पण तिच्यासाठी घर पणाला लावायचे नाही."

हीच चाचणी मी आता सर्वांना सांगतो. तिला फी नाही, एजंट नाही आणि निकाल आपला आपल्याला कळतो.

भादव्यात पोरीने वही आणून दिली. शंभरांतली अठ्ठ्याहत्तर पाने भरली होती. उरलेले दिवस खुरपणीचे आणि आईच्या आजारपणाचे होते, तेही तिने लिहून ठेवले होते. चित्रफीत डेअरीवरच्या पहाटेची होती. कॅन घेऊन येणाऱ्या बायका, फॅट किती लागले म्हणून यंत्राकडे लागलेले डोळे, आणि एकीचे दूध कमी भरल्यावर तिने सावरलेला पदर. एकही शब्द नव्हता. आबा दोनदा पाहून म्हणाले, "हे तर रोजचंच हाय." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पर आपून कधी बघितलं न्हाई."

पुढे काय झाले

पोरीने परीक्षा दिली. लेखीत निवड झाली. मुलाखतीला आबा स्वतः एस. टी.ने तिच्याबरोबर पुण्याला गेले आणि संस्थेच्या फाटकापाशी झाडाखाली बसून राहिले. शेवटच्या यादीत मात्र तिचे नाव आले नाही.

मला वाटले होते, घरात रडारड होईल. मी गेलो तेव्हा पोरगी गोठ्यात धार काढत होती. डोळे सुजलेले होते, पण बोलली नीट. "काका, मुलाखतीत त्यांनी डेअरीबद्दल बरेच विचारले. मला चित्रपट कमी ठाऊक पडले. यंदा जास्त बघते." या जूनमध्ये तिने जिल्ह्याच्या ठिकाणी संज्ञापनाच्या एम. ए.ला प्रवेश घेतला. पुण्याचा अर्ज ती पुन्हा भरणार आहे. आईला चिंता आहे, ती लग्नाचे बोलून दाखवते, आबा म्हणतात, "एम. ए. तर हुं दे."

१९२५ साली कोल्हापूरला बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' नावाचा मूकपट काढला होता. सावकाराच्या कागदात जमीन गेलेला शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो, अशी त्याची कथा, आणि तो शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. सिनेमा शिकायला निघालेल्या पोरासाठी घरातच पुन्हा तो पाश पडू नये, एवढेच माझे सांगणे आहे. पोरांना अडवू नका, ती चूक मी करून बसलो आहे. आणि पोरांनीही बापाच्या रानावर डाव लावू नये. उगवण कमी आहे म्हणून कोणी पेरणी सोडत नाही. बी थोडे वाढवतो, आणि सगळे बी एकाच तासात घालत नाही.

परवा वाडीवरून येताना विहिरीकडच्या एकरात सोयाबीन दोन पानांवर आलेले पाहिले. आबा बांधावर उभे होते. "साडेबत्तीस किलोच पेरलं, सायेब," ते म्हणाले. "नांगं पडली न्हाईत."